शेअर केलेला डेटा वारंवार का बिघडतो आणि तो कसा वाचवावा

पतसंस्था असो, औषधांचे घाऊक दुकान असो, शाळेचे कार्यालय असो की कर सल्लागाराची कचेरी, तक्रार सारखीच येते. चार-सहा संगणक एकमेकांना जोडलेले असतात. त्यातल्या एकावर हिशेबाच्या किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा डेटा असतो. त्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. बाकीचे ‘नोड’ त्यावरचे फोल्डर नेटवर्कवरून उघडतात. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले हे काम एक दिवस दगा देऊ लागते. सकाळी केलेली नोंद दुपारी सापडत नाही. एकाच क्रमांकाची दोन बिले निघतात. इंडेक्स जुळत नाही असा संदेश येतो. सॉफ्टवेअरवाले येऊन ‘रीइंडेक्स’ करून जातात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

वाचक विचारतात: हार्ड डिस्क नवी घेतली, अँटिव्हायरस बदलला, तरी डेटा करप्ट का होतो? अशा अनेक ठिकाणी डिस्क निर्दोष असते आणि ऑपरेटरचीही काही चूक नसते. प्रत्येक नोड त्या फाइलचा काही भाग वेगासाठी स्वतःजवळ धरून ठेवतो आणि बिघाडाचे मूळ तिथे असते. या लेखातल्या सगळ्या सूचना एका नियमातून येतात: जी फाइल एकाच वेळी अनेकजण लिहितात, तिची खरी प्रत एकाच ठिकाणी असली पाहिजे. हे कसे साधायचे ते आता क्रमाने पाहू.

लेखात सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती टाइप करण्याआधी त्यांचे इंग्रजी स्पेलिंग संबंधित कंपनीच्या मदत-पानावरून तपासून घ्या.

आधी एवढे समजून घ्या

दर वेळी सर्व्हरकडे जाऊन वाचणे-लिहिणे संथ असते. म्हणून नोडवरचे विंडोज किंवा लिनक्स फाइलचा वाचलेला भाग स्वतःच्या मेमरीत ठेवते. यालाच कॅश म्हणतात. कधी कधी लिहिलेला भागही ते काही काळ स्वतःकडे ठेवते आणि नंतर एकदम सर्व्हरकडे पाठवते. दोन कारकुनांनी रोजकीर्दीचे आजचे पान आपापल्या टेबलावर उतरवून घेतले आणि दोघेही आपल्या उताऱ्यावर पुढचा अनुक्रमांक टाकून नोंदी करू लागले, तर संध्याकाळी जो घोळ होईल तोच इथे होतो.

विंडोजच्या शेअरिंगमध्ये, म्हणजे एसएमबीमध्ये, यासाठी नियम आहे. फाइल एकच नोड वापरत असेल तर सर्व्हर त्याला उतारा जवळ ठेवण्याची परवानगी देतो. जुन्या पद्धतीत या परवानगीला ओपलॉक म्हणतात. विंडोज 7 बरोबर आलेल्या एसएमबी 2.1 पासून तिचे सुधारित रूप म्हणजे लीज. दुसरा नोड तीच फाइल मागायला आला की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडतो: तुझ्याकडचे बदल पाठव आणि परवानगी परत कर. हा नियम नीट पाळला गेला तर डेटा बिघडत नाही.

नियम मोडतो तो निरोप पोहोचत नाही तेव्हा. वायर ढिली असते, स्विच बंद पडलेला असतो, लॅपटॉप झोपलेला असतो. विंडोजचा सर्व्हर साधारण 35 सेकंद वाट पाहतो आणि पुढच्याला फाइल देऊन टाकतो. पहिल्या नोडकडे अडकलेले बदल तिथेच राहतात. कधी खुद्द कार्यप्रणालीत दोष असतो. 2018 मध्ये विंडोज 10 ची 1803 ही आवृत्ती आल्यानंतर ॲक्सेसच्या शेअर केलेल्या फाइल ‘इनकन्सिस्टंट स्टेट’मध्ये गेल्याच्या तक्रारी आल्या. त्यावर मायक्रोसॉफ्टने दिलेला तोडगा होता सर्व्हरवर लीजिंग बंद करण्याचा.

नुकसान तीन प्रकारचे होते:

- लेखन हरवते. नोडला वाटते नोंद झाली, पण ती सर्व्हरवर कधी पोहोचलेलीच नसते.
- वाचन शिळे होते. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये सुरुवातीलाच एकूण नोंदींचा आकडा असतो. नोडने हा आकडा जुन्या उताऱ्यातून घेतला तर तो नवी नोंद दुसऱ्याने नुकत्याच लिहिलेल्या नोंदीवरच लिहितो.
- जोडीतल्या फाइल जुळत नाहीत. डेटाची फाइल पुढे गेलेली असते आणि इंडेक्स मागे राहिलेला असतो.

तुमचा डेटा कोणत्या गटातला आहे?

उपाय निवडण्याआधी हे ठरवा. शेअर केलेले फोल्डर उघडा, फाइलची एक्स्टेन्शन पाहा आणि खालील गटांशी ताडून पाहा.

1. एका वेळी एकच माणूस लिहितो अशा फाइल: पत्रे, पीडीएफ, छायाचित्रे, एकट्याने वापरायचे एक्सेल. इथे कॅश उपयोगाची आहे. ती चालू राहू द्या.
2. अनेकजण एकाच वेळी लिहितात असे फाइल-डेटाबेस: डीबीएफ आणि सीडीएक्स (फॉक्सप्रो), एमडीबी आणि एसीसीडीबी (ॲक्सेस), एसक्यूलाइटच्या फाइल. हा लेख प्रामुख्याने यांच्यासाठी आहे.
3. डेटाबेस-सर्व्हर: एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल. इथे नोड फाइलला हात लावत नाहीत. ते सर्व्हरवरच्या प्रोग्रामकडे मागणी करतात आणि फाइल तो एकटाच लिहितो. त्यामुळे हा धोका नसतो. मात्र या डेटाबेसचे फोल्डर चुकूनही शेअर करू नका.

गट ओळखता येत नसेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना नेमके विचारा: “नोडवरचा प्रोग्राम डेटाची फाइल थेट उघडतो, की सर्व्हरवरच्या डेटाबेस-प्रोग्रामशी बोलतो?” ‘थेट उघडतो’ असे उत्तर आले तर तुम्ही दुसऱ्या गटात आहात.

दोष कॅशचा आहे की डिस्कचा?

खालील खुणा दिसत असतील तर संशय कॅशकडे आणि नेटवर्ककडे वळवा:

- एकाच वेळी एकच नोड चालू ठेवला तर बिघाड होत नाही, दोन-तीन चालू झाले की होतो.
- एका नोडवर केलेली नोंद दुसऱ्यावर काही सेकंद उशिरा दिसते, किंवा प्रोग्राम बंद करून उघडल्यावरच दिसते.
- बिघाड लाइट जाण्याच्या, लॅपटॉप बंद करण्याच्या किंवा वाय-फाय तुटण्याच्या सुमारास होतो.
- विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा नवा संगणक जोडल्यानंतर त्रास सुरू झाला आहे.
- बिघडते ती हीच डेटाची फाइल. त्याच डिस्कवरच्या इतर फाइल ठणठणीत आहेत.

डेटाशी संबंध नसलेल्या फाइलही उघडत नसतील, डिस्कचा आवाज येत असेल, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या चुका नोंदलेल्या असतील, तर आधी डिस्क तपासून घ्या. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात.

बिघाडाची छोटी नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, कोणता नोड, त्या वेळी काय चालले होते, लाइट गेली होती का. अशा पाच-सहा नोंदींवरून दोषाची दिशा समजते आणि तंत्रज्ञाशी बोलताना तुमच्या हाती पुरावा असतो.

काहीही बदलण्याआधी

- सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर पडायला सांगा. सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधल्या ‘शेअर्ड फोल्डर्स’ या भागात ‘ओपन फाइल्स’ पाहा. त्या यादीत डेटाची एकही फाइल उरता कामा नये.
- संपूर्ण डेटा-फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि तिच्या नावात तारीख घाला. ही प्रत मग कोणी वापरायची नाही.
- ‘रीइंडेक्स’, ‘पॅक’, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ यांपैकी काहीही एकुलत्या एक प्रतीवर चालवू नका. दुरुस्तीच्या वेळी हे प्रोग्राम न समजलेल्या नोंदी काढून टाकू शकतात. आधी प्रत, मग दुरुस्ती.
- दुरुस्तीनंतर नोंदींची संख्या, शेवटचा बिल क्रमांक आणि दोन-तीन खात्यांची शिल्लक छापील कागदाशी ताडून पाहा.

सर्व्हर विंडोजचा असेल तर

1. डेटाबेससाठी स्वतंत्र शेअर करा. पत्रे, स्कॅन आणि हिशेबाचा डेटा एकाच शेअरमध्ये ठेवू नका. कॅश बंद करायची ती डेटाबेसच्या शेअरपुरती. बाकीच्या कामाचा वेग त्यासाठी घालवण्याचे कारण नाही.

2. ऑफलाइन फाइल बंद करा. फोल्डरच्या ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये ‘कॅशिंग’ नावाचे बटण असते. तिथे शेअरमधली कोणतीही फाइल ऑफलाइन उपलब्ध होणार नाही, हा पर्याय निवडा. मग प्रत्येक नोडवर कंट्रोल पॅनेलमधले ‘सिंक सेंटर’ उघडून ऑफलाइन फाइल बंद आहेत ना ते पाहा. ही सोय नोडच्या डिस्कवर पूर्ण प्रत ठेवते आणि सर्व्हर दिसेनासा झाला की त्या प्रतीवर काम चालू देते. पत्र लिहिणाऱ्याला ती सोयीची आहे. रोजकीर्दीसाठी ती घातक आहे, कारण दोन वेगळ्या प्रतींमधल्या नोंदी नंतर एकत्र करता येत नाहीत.

3. त्या शेअरवरची लीज बंद करा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, उदाहरणार्थ विंडोज सर्व्हर 2019 आणि त्यापुढे, पॉवरशेलमधल्या ‘सेट-एसएमबीशेअर’ या आज्ञेत ‘लीजिंगमोड’ हा पर्याय आहे. त्याची तीन मूल्ये आहेत: ‘फुल’ म्हणजे नेहमीची पद्धत, ‘शेअर्ड’ म्हणजे फक्त वाचनाचा उतारा, आणि ‘नन’ म्हणजे ना लीज ना ओपलॉक. दुसऱ्या गटातल्या डेटासाठी ‘नन’ निवडा. सर्व्हरच्या आवृत्तीत हा पर्याय नसेल तर रजिस्ट्रीमध्ये ‘लॅनमॅनसर्व्हर’च्या ‘पॅरामीटर्स’खाली ‘डिसेबललीजिंग’ हे मूल्य 1 करून सर्व्हर-सेवा पुन्हा सुरू करावी लागते. हा दुसरा मार्ग त्या संगणकावरच्या सगळ्या शेअरना लागू होतो, हे ध्यानात ठेवा. रजिस्ट्रीची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

4. नोडवरची फाइल-माहितीची कॅश गरजेपुरतीच बंद करा. नोड फाइलचा आकार, तारीख आणि फोल्डरमधली यादी 10 सेकंद लक्षात ठेवतो. ‘ही फाइल सापडली नाही’ हे उत्तर 5 सेकंद धरून ठेवतो. प्रोग्राम नवी फाइल तयार झाल्याची वाट पाहत असेल, तर या जुन्या माहितीने फसतो. ‘लॅनमॅनवर्कस्टेशन’च्या ‘पॅरामीटर्स’खाली ‘फाइलइन्फोकॅशलाइफटाइम’, ‘डिरेक्टरीकॅशलाइफटाइम’ आणि ‘फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम’ ही तीन मूल्ये 0 केली की ही कॅश थांबते. पण मग त्या नोडचे नेटवर्कवरचे सगळेच काम संथ होते. म्हणून आधीच्या तीन पायऱ्यांनी भागले नाही, किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीने लेखी सांगितले, तरच हे करा.

5. एसएमबी 1 पुन्हा सुरू करू नका. “जुन्या पद्धतीत ओपलॉक बंद करता येतात, म्हणून एसएमबी 1 चालू करू,” असा सल्ला अजूनही दिला जातो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच एसएमबी 1 मधल्या त्रुटीतून पसरले. त्याच वर्षाच्या 1709 आवृत्तीपासून विंडोज 10 नव्याने बसवताना एसएमबी 1 आपोआप बसत नाही. हिशेब वाचवण्यासाठी संपूर्ण कार्यालय धोक्यात घालणे परवडणारे नाही. तिसऱ्या पायरीतला मार्ग तेच काम सुरक्षितपणे करतो.

सांबा किंवा नास असेल तर

बाजारात मिळणाऱ्या नास पेट्या (नेटवर्कला थेट जोडायच्या साठवण-पेट्या) आणि लिनक्सचे फाइल-सर्व्हर बहुधा सांबा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात.

- सांबाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डेटाबेसच्या शेअरखाली ‘ओपलॉक्स’ आणि ‘लेव्हल2 ओपलॉक्स’ या दोन्हींना ‘नो’ लिहा. ओपलॉक बंद झाले की त्या शेअरवर लीजही मिळत नाही.
- पूर्ण शेअर वेगळा करणे शक्य नसेल तर ‘व्हेटो ओपलॉक फाइल्स’ या सेटिंगमध्ये डीबीएफ, सीडीएक्स, एमडीबी अशी एक्स्टेन्शन द्या. मग तेवढ्याच फाइलवर उतारा ठेवण्याची परवानगी मिळत नाही.
- नासच्या वेब-पानावर हे पर्याय एसएमबीच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात असू शकतात. ओपलॉक आणि लीज अशी दोन वेगळी बटणे असतील तर दोन्ही पाहा.
- एकच फोल्डर विंडोज नोडना सांबातून आणि लिनक्स नोडना एनएफएसमधून (लिनक्सवरची फाइल शेअर करण्याची पद्धत, पुढच्या भागात पाहा) देत असाल, किंवा सर्व्हरवरचाच एखादा प्रोग्राम त्या फाइल थेट लिहीत असेल, तर त्या शेअरवरचे ओपलॉक बंदच ठेवा. सांबाच्या नेहमीच्या मांडणीत त्याने दिलेल्या परवानग्या बाहेरच्या मार्गाने येणाऱ्याला दिसत नाहीत.
- लिनक्सचा नोड विंडोजचे शेअर माउंट करत, म्हणजे आपल्या फोल्डरसारखे जोडून घेत असेल तर ‘कॅश’ या पर्यायाचे नेहमीचे मूल्य ‘स्ट्रिक्ट’ असते, ते तसेच राहू द्या. वेगासाठी ‘लूज’ करू नका.

लिनक्स आणि एनएफएस वापरणाऱ्यांसाठी

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा, ॲनिमेशन स्टुडिओ आणि संशोधन गटांत एनएफएस दिसते. सन मायक्रोसिस्टिम्सने 1980 च्या दशकात आणलेल्या या पद्धतीचे आश्वासन मर्यादित आहे. तुम्ही फाइल बंद केली की बदल सर्व्हरवर जातात, आणि दुसऱ्याने त्यानंतर ती उघडली की त्याला ते दिसतात. फाइल दोघांकडे उघडी असताना काय दिसेल याची खात्री एनएफएस देत नाही. नेहमीच्या मांडणीत फाइलची माहिती 3 ते 60 सेकंद आणि फोल्डरची 30 ते 60 सेकंद नोडवर जपली जाते. म्हणून:

- लिहिण्याआधी प्रोग्रामने लॉक, म्हणजे इतरांना तेवढा वेळ थांबवणारे कुलूप, घेतलाच पाहिजे. लॉक घेताना नोड आपली कॅश पुन्हा तपासतो आणि सोडताना बदल सर्व्हरकडे पाठवतो. ‘नोलॉक’ पर्यायाने माउंट केले तर प्रत्येक नोडचा लॉक त्याच्यापुरताच राहतो आणि संरक्षण संपते.
- लिहायच्या डेटासाठी ‘सॉफ्ट’ माउंट वापरू नका. सर्व्हरने उत्तर दिले नाही की ते प्रयत्न सोडते. अशा वेळी डेटा गुपचूप बिघडू शकतो, असा इशारा एनएफएसच्या मॅन्युअलमध्येच आहे. ‘हार्ड’ माउंटमध्ये प्रोग्राम अडकून थांबतो. ते त्रासदायक असले तरी डेटा सुरक्षित राहतो.
- सर्व्हरवर ‘सिंक’ राहू द्या. ‘एसिंक’ने वेग वाढतो, पण सर्व्हर अचानक बंद पडला तर ‘लिहून झाले’ असे कळवलेले बदलही जातात.
- अनेक यंत्रांनी एकाच लॉग-फाइलच्या शेवटी लिहू नये. एनएफएसवर त्या नोंदी एकमेकींवर पडू शकतात. प्रत्येक यंत्राला स्वतःची फाइल द्या आणि नंतर एकत्र करा.
- एसक्यूलाइटचा ‘वॉल’ मोड नेटवर्कवर चालत नाही. त्याला सगळे वापरकर्ते एकाच संगणकावर लागतात, असे त्याच्या निर्मात्यांनीच स्पष्ट केले आहे.
- ‘नोएसी’ शेवटचा पर्याय समजा. त्याने माहितीची कॅश थांबते, पण सर्व्हरवरचा भार फार वाढतो. प्रोग्राममध्ये लॉक वापरणे हा त्याहून चांगला मार्ग आहे.

लाइट, वायर आणि वाय-फाय

सेटिंग कितीही अचूक असले तरी निरोप पोहोचायला रस्ता लागतो. लहान कार्यालयांत नेमके इथेच दुर्लक्ष होते.

- स्विच यूपीएसवर आहे का? अनेक ठिकाणी सगळे संगणक यूपीएसवर असतात आणि कोपऱ्यातला नेटवर्क स्विच थेट भिंतीच्या प्लगवर. लाइट गेली की संगणक चालू राहतात, पण त्यांच्यातला संवाद तुटतो. डेटासाठी ही सर्वांत वाईट अवस्था आहे. स्विच आणि राउटर सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्या.
- इन्व्हर्टरवर विसंबू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत क्षणभर खंड पडला तरी संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. सर्व्हरला स्वतंत्र यूपीएस हवाच.
- दुसऱ्या गटातला डेटा वायरनेच उघडा. वाय-फायवरचा नोड जागा बदलताना क्षणभर तुटतो आणि पुन्हा जोडतो. फाइल-डेटाबेससाठी तेवढा क्षण पुरतो. घरून व्हीपीएन जोडून तीच फाइल थेट उघडणे त्याहून धोक्याचे आहे.
- झोप बंद करा. सर्व्हर आणि नोड दोन्हींवर ‘स्लीप’ आणि नेटवर्क कार्डाची वीज-बचत बंद ठेवा.
- ढिल्या क्लिप, चावलेल्या वायरी आणि जुने स्विच बदला. अधूनमधून तुटणारी जोडणी पूर्ण बंद जोडणीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण ती लवकर लक्षात येत नाही.

या चुका टाळा

- डेटा गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी वापरणे. या सेवा प्रत्येक संगणकावर वेगळी प्रत ठेवतात आणि नंतर जुळवतात. दोघांनी एकदम लिहिले की दोन प्रती तयार होतात किंवा एकाचे काम पुसले जाते. बॅकअपची बंद फाइल तिथे जरूर ठेवा, चालू डेटा नको.
- काम चालू असताना फोल्डर कॉपी करून त्याला बॅकअप म्हणणे. एक फाइल आधीची आणि दुसरी नंतरची अशी प्रत पुढे उघडत नाही. सगळे बाहेर पडल्यावर, किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअप सोयीनेच प्रत घ्या.
- एकच बॅकअप रोज पुसून लिहिणे. बिघाड आठ दिवसांनी लक्षात आला तर बॅकअपही बिघडलेलाच असतो. निदान सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या वेगळ्या प्रती ठेवा.
- ॲक्सेसची पूर्ण फाइल सगळ्यांनी मिळून उघडणे. ती दोन भागांत विभागा. फॉर्म आणि रिपोर्टचा भाग प्रत्येक नोडवर ठेवा, फक्त तक्त्यांचा भाग सर्व्हरवर.
- काही नोडवर सेटिंग बदलणे आणि काहींवर विसरणे. एक सुटलेला नोडही पुरेसा असतो. यादी करून खूण करत जा. नवा संगणक आला की तीच यादी पुन्हा वापरा.

बदल लागू झाला का ते तपासा

1. डेटाच्या प्रतीवर चाचणी करा, चालू डेटावर नको. ही प्रत त्याच शेअरमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.
2. दोन नोडवरून एकाच वेळी प्रत्येकी पन्नास नोंदी करा. एकूण संख्या बरोबर शंभराने वाढली पाहिजे आणि एकही क्रमांक दुहेरी नसावा.
3. एका नोडवर केलेली नोंद दुसऱ्यावर लगेच शोधा.
4. नोंद ‘सेव्ह’ झाल्यानंतर लगेच त्या नोडची नेटवर्क वायर काढा. दुसऱ्या नोडवर ती नोंद दिसली पाहिजे.
5. मोठ्या विंडोज अपडेटनंतर हीच चाचणी पुन्हा करा. अपडेटने सेटिंग पूर्ववत झालेले असू शकते.

वेग थोडा कमी होईल, विशेषतः मोठे रिपोर्ट काढताना. एका महिन्याची नोंदवही पाहा. बिघाड थांबला असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. वेग असह्य झाला तर कॅश पुन्हा सुरू न करता पुढच्या पर्यायांकडे वळा.

कायमचा उपाय कोणता?

कॅश बंद केल्याने धोका खूप कमी होतो, पण फाइल अजूनही नेटवर्कवरून अनेकजण लिहीत असतात. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची 9.0 ही आवृत्ती 2004 मध्ये आली आणि मायक्रोसॉफ्टचा तिला असलेला आधार जानेवारी 2015 मध्ये संपला. तेव्हा पुढचा मार्ग आताच ठरवा.

- रिमोट डेस्कटॉप: प्रोग्राम सर्व्हरवरच चालतो, नोडवर फक्त पडदा दिसतो. फाइल नेटवर्कवर येतच नाही, म्हणून नोडवर उतारा राहण्याचा प्रश्नच उरत नाही. जुने सॉफ्टवेअर न बदलता मिळणारा हा सर्वांत भक्कम उपाय आहे आणि घरून काम करणाऱ्यांनाही तो चालतो. मात्र साध्या विंडोज 10 किंवा 11 वर एका वेळी एकच जण काम करू शकतो. अनेकांसाठी विंडोज सर्व्हर आणि प्रत्येकाचा परवाना लागतो. तो खर्च आधी विचारून घ्या. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या आतच ठेवा.
- डेटाबेस-सर्व्हरवर आधारित आवृत्ती: तुमच्या सॉफ्टवेअरची अशी आवृत्ती असेल तर तिच्याकडे वळणे उत्तम. डेटा हलवताना एक महिना जुन्या आणि नव्या दोन्हींचे ताळेबंद ताडून पाहा.
- एकानेच लिहायची शिस्त: दोन-तीन माणसांच्या कार्यालयात नोंदी एकाच संगणकावर आणि बाकीच्यांना फक्त वाचनाची परवानगी, एवढ्यानेही भागते. परवानगी शेअरच्या सेटिंगमध्येच मर्यादित करा, तोंडी सूचना पुरत नाही.

विक्रेत्याशी बोलताना: तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

- लेखी उत्तर मागा. त्यांचे सॉफ्टवेअर एसएमबी 2 आणि 3 वर, लीज बंद असताना आणि चालू असताना, तपासलेले आहे का? किती नोडपर्यंत? वार्षिक देखभाल करार करताना हे प्रश्न करारात यावेत.
- दर वेळी काय दुरुस्त केले याची नोंद घ्या. ‘रीइंडेक्स केले’ एवढे पुरेसे नाही. किती नोंदी गेल्या, कोणत्या परत आणल्या, आणि बिघाडाचे कारण काय, हे सेवा-पावतीवर लिहून घ्या.
- डेटा तुमचा आहे. सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड, डेटाबेसचा पासवर्ड आणि डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये काढून देण्याची सोय करारात मागून घ्या. करार संपला तरी हिशेब तुमच्या हाती राहिला पाहिजे.
- सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवता येते. कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रोग्रामची प्रत, तो नष्ट किंवा खराब होण्यापासून संरक्षण म्हणून, ठेवण्यास कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये मुभा आहे.
- नोंदी जपण्याची जबाबदारीही तुमचीच आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. कंपनी असेल तर 8 वर्षे. 2022 पासून कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणे आवश्यक आहे, आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे असावे लागते. ‘डेटा करप्ट झाला’ एवढ्या कारणाने ही जबाबदारी टळते असे समजू नका.

सुरुवात कुठून करावी?

आज: सगळ्यांना बाहेर काढून पूर्ण डेटाची वेगळ्या डिस्कवर प्रत घ्या आणि स्विच यूपीएसवर जोडा. या आठवड्यात: डेटाबेसचा स्वतंत्र शेअर करा, ऑफलाइन फाइल आणि लीज बंद करा, वाय-फायवरचे नोड वायरवर आणा आणि चाचणी घ्या. या तिमाहीत: रिमोट डेस्कटॉप की डेटाबेस-सर्व्हर, याचा खर्चासह निर्णय घ्या. आर्थिक वर्ष संपण्याआधी, मार्चच्या गर्दीच्या पुरेसे आधी, हे पूर्ण करा. बिघडलेल्या डेटाचा भार शेवटी त्या कार्यालयातल्या माणसांवर पडतो. रात्री जागून जुन्या नोंदी पुन्हा भरणाऱ्या कारकुनावर आणि शिल्लक चुकली म्हणून काउंटरवर ताटकळणाऱ्या ठेवीदारावर तो पडतो. वर सांगितलेल्या कामांपैकी बहुतेकांना विशेष खर्च नाही, आणि त्यांनी हा भार बराचसा टाळता येतो.